चूल, राब आणि आकाश : चंद्रा वेंकटरामन यांच्या वायुकलिल-संशोधनाची केळशीच्या किनाऱ्यावरून समीक्षा

१

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, भारजा नदी जेथे समुद्राला मिळते तेथे केळशी हे गाव वसलेले आहे. महालक्ष्मीचे देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि खाडीच्या मुखाजवळील वाळूची टेकडी ही या गावाची ठळक स्थळे होत. यांपैकी वाळूच्या टेकडीकडे विद्वानांचे लक्ष पूर्वीच गेले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा अभ्यास केला आणि तिच्या घडणीत त्सुनामीचा हात असावा असे मत मांडले. ही वाळू वाऱ्याने आणली की लाटेने, असा त्या चर्चेचा मूळ प्रश्न. कणाचा आकार, त्याची जागा आणि त्याच्या शेजारी सापडणारे अवशेष पाहून त्याला येथवर कोणी आणले हे ठरविणे, असे त्या विद्येचे स्वरूप आहे.

केळशीच्या हवेतही कण आहेत. ते वाळूच्या कणाच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतके बारीक असतात आणि म्हणून टेकडी न बनता आठवडा-आठवडा वातावरणात तरंगत राहतात. समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ, रस्त्याची व शेताची धूळ, चुलीतून निघालेली काजळी, दूरच्या कारखान्यांच्या धुरापासून हवेतच तयार झालेली सल्फेटे, या साऱ्यांना मिळून शास्त्रीय परिभाषेत वायुकलिले म्हणतात. त्यांच्याबाबतही मूळ प्रश्न तोच आहे : हा कण कोणी आणला? परंतु वाळूच्या प्रश्नाच्या उत्तराने इतिहासाचे एक पान बदलते, तर या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे श्वास आणि राज्याची धोरणे अवलंबून असतात.

हा प्रश्न भारताच्या संदर्भात ज्यांनी सर्वांत चिकाटीने लावून धरला, त्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील चंद्रा वेंकटरामन यांचे स्थान वरचे आहे. त्यांच्या संशोधनाचे मोल काय आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार पुढे केला आहे. केळशी हे त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र नव्हे. तरीही परीक्षणासाठी हेच गाव निवडण्यास कारण आहे. राष्ट्रव्यापी सरासरीवर उभ्या असलेल्या सिद्धान्ताची कसोटी त्या सरासरीत सहजी न बसणाऱ्या ठिकाणी लागते. आणि कोकणपट्टीतील किनाऱ्यालगतचे, भाताचे व नारळी-पोफळीचे हे गाव अशा ठिकाणांपैकी एक आहे.

२

या संशोधनाची पार्श्वभूमी समजल्यावाचून त्याचे वेगळेपण ध्यानात येणार नाही. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत हिंदी महासागरावर एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. इंडोएक्स या नावाने तो ओळखला जातो. हिवाळ्यात भारतीय द्वीपकल्पावरून वारे समुद्राकडे वाहतात, त्यांच्याबरोबर जमिनीवरील धूर किती दूर जातो आणि तो सूर्यप्रकाशाचे काय करतो, हे विमाने, जहाजे व बेटांवरील केंद्रे यांच्या साहाय्याने तपासण्यात आले. वीरभद्रन रामनाथन हे या प्रयोगाच्या सूत्रधारांपैकी एक होते. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत धुरकट हवेचा थर पसरलेला आढळला आणि त्यात प्रकाश शोषून घेणाऱ्या काजळीचे प्रमाण अपेक्षेहून जास्त निघाले.

ही काजळी कशाची, या प्रश्नावर मतभेद झाला. समुद्रावर गोळा केलेल्या कणांच्या रासायनिक घटनेवरून काही संशोधकांनी तिचा साठ ते ऐंशी टक्क्यांपर्यंतचा वाटा खनिज इंधनाकडे, म्हणजे कोळसा व तेल यांच्याकडे दिला. पुढे २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘आशियाई तपकिरी ढग’ या नावाने अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा प्रश्न विज्ञानाच्या सीमेबाहेर गेला. बंगळूरचे जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये या कल्पनेचे परखड परीक्षण केले. थोड्या महिन्यांच्या व थोड्या क्षेत्राच्या निरीक्षणांवरून साऱ्या खंडाच्या पावसाविषयी व आरोग्याविषयी विधाने करणे घाईचे आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

या वादात एक उणीव दोन्ही बाजूंना समान होती. सारी चर्चा आकाशापासून सुरू होत होती. वर जे दिसते ते मोजायचे आणि त्यावरून खाली काय जळत असेल याचा तर्क करायचा, अशी ती पद्धती होती. खालून वर जाण्याचा मार्ग फारसा कोणी चोखाळला नव्हता.

३

वेंकटरामन यांनी तो मार्ग धरला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, वायुकलिल-विज्ञानाचे एक अध्वर्यू शेल्डन फ्रीडलँडर यांच्या हाताखाली त्यांचे संशोधन-शिक्षण झाले. तेथील परंपरा रासायनिक अभियंत्याची आहे. कण कोठे दिसला यापेक्षा तो ज्वालेत कसा जन्मला, याकडे ती अधिक लक्ष देते. मुंबईस आल्यावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत चुली पेटविल्या. लाकूड, शेणी व पिकांचे अवशेष जाळून एका किलोग्रॅम इंधनामागे किती ग्रॅम कण निघतात, त्यांत काळा कार्बन किती व इतर सेंद्रिय द्रव्य किती, हे मोजले. या संख्येला उत्सर्जन-गुणक म्हणतात. देशात एकूण किती इंधन जळते हे माहीत असेल, तर त्याला या गुणकाने गुणून देशाच्या धुराचा अंदाज येतो.

परंतु देशात किती लाकूड जळते हे सांगणार कोण? कोळसा खाणीतून निघतो, तेल बंदरात उतरते. त्यांची नोंद असते. रानातून वेचून आणलेल्या काटक्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. येथे वेंकटरामन आणि गझाला हबीब यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली पद्धती मोठी कल्पक आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबे किती धान्य, डाळी, भाज्या खातात याची आकडेवारी मिळते. एवढे अन्न शिजविण्यास किती उष्णता लागेल आणि त्यासाठी त्या चुलीत किती इंधन घालावे लागेल, असा उलट हिशोब त्यांनी मांडला. तो साऱ्या देशासाठी वर्षाला सुमारे ३८ कोटी टन जैव इंधनाचा निघाला. त्याची खालची मर्यादा सुमारे २५ कोटी व वरची सुमारे ५८ कोटी टन होती. जेवणाच्या ताटावरून चुलीचा अंदाज घेणारी ही रीत, नोंदींच्या अभावी हातपाय गाळून न बसणाऱ्या संशोधकाची आहे.

या दोन धाग्यांच्या जुळणीतून २००५ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फ्रीडलँडर हेही त्याचे एक सहलेखक होते. निबंधाचा निष्कर्ष असा की, भारताच्या काळ्या कार्बनाच्या उत्सर्जनात घरगुती जैव इंधनाचा वाटा सुमारे ४२ टक्के, उघड्यावरील जाळण्याचा ३३ टक्के आणि खनिज इंधनाचा २५ टक्के आहे. इंडोएक्सच्या काही संशोधकांनी काढलेल्या क्रमाच्या हा अगदी उलट क्रम होता. आकाशाच्या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात आहे, असे त्यातून सिद्ध होऊ पाहत होते.

४

या निष्कर्षाची स्वतंत्र परीक्षा महाराष्ट्रातच झाली, ही गोष्ट येथील अभ्यासकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वीडनचे ओर्यान गुस्ताफसन आणि त्यांचे सहकारी, ज्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे पी. एस. पी. राव हेही होते, यांनी सिंहगडावर आणि मालदीवच्या हनिमाधू बेटावर हिवाळ्यातील कण गोळा केले व त्यांतील कार्बन-१४ मोजला. जिवंत वनस्पतीत हा किरणोत्सारी कार्बन असतो. कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या कोळशात व तेलात तो उरलेला नसतो. म्हणून कणातील कार्बन-१४ चे प्रमाण पाहिले की त्यातील किती भाग लाकडाचा व किती कोळशा-तेलाचा हे कळते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात एकूण कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वनस्पतिजन्य ज्वलनातून आल्याचे आढळले. काजळीचा तेवढा विचार केला तर, ती मोजण्याच्या दोन पद्धतींप्रमाणे, हा वाटा सुमारे निम्मा किंवा दोन-तृतीयांश भरला.

या निकालाने वेंकटरामन यांचा पक्ष विजयी झाला, असे अनेकदा सांगितले जाते. ते विधान अर्धेच बरोबर आहे. त्यांच्या गणतीतील ४२ आणि ३३ यांची बेरीज ७५ होते. सिंहगडाचा निकाल त्याहून खाली राहतो. अर्थात एका हिवाळ्यातील दोन ठिकाणची हवा आणि साऱ्या देशाचे वार्षिक उत्सर्जन यांची सरळ तुलना करता येत नाही. तथापि दिशा बरोबर असून प्रमाण कदाचित वाढीव होते, एवढे म्हणण्यास जागा आहे. याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. कार्बन-१४ ला चुलीतले लाकूड आणि शेतात किंवा रानात जळलेला पाला यांतील फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही वनस्पतीच. म्हणजे चुलीचे ४२ आणि उघड्यावरचे ३३ ही जी विभागणी धोरणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची, तिला सिंहगडाने दुजोराही दिला नाही व विरोधही केला नाही. ती अजून गणतीच्याच आधारावर उभी आहे. म्हणून गणतीची घडण तपासणे अगत्याचे ठरते, आणि येथे केळशीचा उपयोग होतो.

५

किनाऱ्यावरच्या गावात चुलीचा उपयोग केवळ अन्न शिजविण्यापुरता नसतो. घरातील वैलाची चूल भात-आमटीची असते. पण न्हाणीजवळची दुसरी चूल सकाळ-संध्याकाळ आंघोळीच्या पाण्यासाठी पेटते. उकडे तांदूळ करावयाचे तर भात उकडण्यासाठी मोठे भांडे बाहेर चढवावे लागते. पावसाळ्यात ओले कपडे चुलीच्या उबेवर वाळतात, आणि पोटमाळ्यावर साठविलेल्या वस्तूंना कीड लागू नये यासाठीही धुराचा उपयोग होतो. ताटावरून चुलीचा हिशोब करणाऱ्या २००४ च्या पद्धतीत यांतील काहीही येत नाही. जेथे अन्नाची चूल आणि पाण्याची चूल वेगवेगळ्या आहेत, तेथे अन्नावरून काढलेला आकडा अपुरा पडणार हे उघड आहे.

ही उणीव वेंकटरामन यांच्या गटाला दिसली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. २०१४ साली अपूर्वा पांडे आदी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या सुधारित गणतीत स्वयंपाकाबरोबर पाणी तापविणे, शेकोटी आणि रॉकेलचे दिवे यांना त्यांनी स्वतंत्र स्थान दिले. आपल्याच गणतीची चौकट मोडून ती रुंद करणारा हा प्रामाणिकपणा त्यांच्या कार्यात पुन्हापुन्हा आढळतो. मात्र चौकट रुंद झाली तरी तिच्या आतील कप्पे तेच राहिले. लाकूड, शेणी, पिकांचे अवशेष या तीन कप्प्यांत केळशीचे जळण कसे बसवावे? नारळाच्या वाळलेल्या झावळ्या, सोडणे, करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, सुरूच्या काटक्या, बागेतला पातेरा हे येथले जळण आहे. सोडण धुमसते, करवंटी तेलकट ज्वालेने भडकते, झावळी क्षणात जळून जाते. या तिन्हींना एकच गुणक लावणे म्हणजे तीन वेगळ्या आगींना एक मानणे होय.

याच ठिकाणी वेंकटरामन यांच्याच एका निरीक्षणाचा उपयोग त्यांच्या गणतीच्या परीक्षणासाठी करता येतो. काळ्या कार्बनाचे प्रमाण इंधनाच्या जातीइतकेच ते किती वेगाने जळते यावर अवलंबून असते, हे त्यांच्या २००५ च्या प्रयोगांनी दाखविले. वेगाने जळणारी, ज्वाला असलेली आग काजळी अधिक देते. धुमसणारी आग पांढरट, डोळ्यांत झोंबणारा, सेंद्रिय द्रव्याने भरलेला धूर देते. आता केळशीच्या आषाढ-श्रावणाचा विचार करावा. दापोली तालुक्यात पावसाचे मान साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास असते. त्या दिवसांत जळण ओलसर, घर बंद, आणि चूल धुमसत असते. अशा वेळी काळा कार्बन कमी निघत असण्याचा संभव आहे, पण चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत जाणारा एकूण धूर मात्र अधिक असणार. याचा अर्थ असा की, हवामानाच्या दृष्टीने जी आग वाईट, तीच नेहमी आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट असते असे नाही. काजळी कमी करा म्हणजे दोन्ही कामे साधतील, हा या संशोधनातून निघणारा लोकप्रिय निष्कर्ष वर्षभराच्या सरासरीपुरता खरा असेल. ऋतूंत विभागून पाहिले तर त्याला अपवाद करावे लागतील.

दुसरी कसोटी राबाची. भाताची रोपे ज्या वाफ्यात करावयाची, त्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या व गवत यांचे थर रचून, वर माती पसरून ते उन्हाळ्यात जाळावयाचे, ही कोकणातील व मावळातील जुनी रीत आहे. तण मरते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. उघड्यावरील ज्वलनाची गणती वेंकटरामन व सहकाऱ्यांनी २००६ साली केली, तेव्हा पिकांच्या अवशेषांचा अंदाज उत्पादनाच्या आकड्यांवरून घेतला आणि वणव्यांचा अंदाज उपग्रहाला दिसणाऱ्या आगींच्या साहाय्याने. त्या उपग्रहाच्या चित्रातील एक चौकोन सुमारे एक किलोमीटरचा असतो. राबाची आग काही पावलांच्या वाफ्यात, मातीखाली धुमसणारी. ती उपग्रहाच्या नजरेस पडणे कठीण. आणि जे जळते तो भाताचा पेंढा नव्हे, रानातून तोडून आणलेला पाला असतो. म्हणून उत्पादनाच्या आकड्यांतही तो सापडत नाही. पंजाबातील पेंढा जाळण्याची आग अवकाशातून स्पष्ट दिसते म्हणून तिच्यावर देशभर चर्चा होते. राब कोणत्याच कप्प्यात नसल्याने तो हिशोबात जवळजवळ अस्तित्वातच नाही. राबाचा वाटा राष्ट्रीय बेरजेत क्षुल्लक असेल, हे मान्य करता येईल. परंतु उन्हाळ्यातील केळशीच्या हवेत तो क्षुल्लक आहे असे मोजल्यावाचून म्हणता येणार नाही.

६

गणतीतील या उणिवा प्रत्यक्ष मोजमापाने भरून काढाव्यात, हा उपाय सहज सुचतो. वेंकटरामन यांनीही तोच मार्ग धरला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पुढाकाराने २०१७ साली सुरू झालेला ‘कोअलेस’ हा प्रकल्प त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. वीसहून अधिक संस्था त्यात सहभागी झाल्या. देशाच्या निरनिराळ्या भागांत, मोठ्या शहरांच्या धुरापासून दूर अशी केंद्रे स्थापून तेथील सूक्ष्म कणांचे नमुने घेणे, आणि त्याच वेळी चुली, वीटभट्ट्या, शेतातील आगी यांच्यापाशी जाऊन उत्सर्जन मोजणे, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. आकाशाकडून खाली व चुलीकडून वर असे दोन्ही मार्ग एकाच प्रकल्पात आणण्याचा हा प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरच्या वादाला दिलेले सर्वांत विधायक उत्तर होय.

या प्रकल्पाचे महाराष्ट्रातील केंद्र महाबळेश्वरी आहे. नकाशा पाहिला असता एक योगायोग दिसून येतो. महाबळेश्वर आणि केळशी जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोहोंतील सरळ अंतर सुमारे साठ किलोमीटर. परंतु महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे, आणि या उंचीनेच प्रश्नाचे स्वरूप पालटते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते. खालच्या खोऱ्यांतील धूर त्या थरात कोंडून राहतो आणि सह्याद्रीचा माथा त्या थराच्या वर मोकळ्या हवेत असतो. दिवसा ऊन चढले की खालची हवा उतारांवरून वर येते व माथ्यावरचे यंत्र तिची नोंद घेते. पावसाळ्यात तर माथा ढगांतच असतो. म्हणूनच पुण्याच्या हवामानविज्ञान संस्थेने २०१२ साली आपली ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा तेथे स्थापिली. विस्तीर्ण प्रदेशाची मिसळलेली हवा समजण्यास ही जागा उत्कृष्ट आहे. पण ज्या पहाटे केळशीत चुली पेटतात, त्या पहाटेचा धूर भूवाऱ्याबरोबर समुद्राकडे निघालेला असतो. दुपारी सुटणारा समुद्रवारा त्यातील काही परत आणील, तोवर तो विरळ झालेला, मिठाच्या कणांत मिसळलेला असेल. माथ्यावरच्या नोंदीत या पहाटेचा पत्ता लागणे कठीण आहे.

मिठाचाही प्रश्न वेगळा आहे. समुद्रकाठच्या हवेत केवळ कणांचे वजन मोजले तर त्यात सागरी मीठ येते, आणि ते बहुतांशी जाड कणांचे असते. त्यामुळे किनाऱ्यावरील नुसत्या वजनाचा आकडा फसवा ठरू शकतो : समुद्र उसळलेला असता तो वाढेल, आणि त्याच दिवशी वाऱ्याने चुलीचा धूर पांगविलेला असेल. भारतात २००९ पासून लागू असलेले मानक अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते ५ असावे असे सुचविले. ही दोन्ही मानके वजनाची आहेत. कण कशाचा, हे ती विचारीत नाहीत. उगमाचा प्रश्न लावून धरणाऱ्या वेंकटरामन यांच्या संशोधनाचे महत्त्व येथे पुन्हा ठसते, आणि किनाऱ्यावर असे उगम-विश्लेषण होण्याची निकडही कळते.

७

या साऱ्या चर्चेत खरोखर पणाला काय लागले आहे, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालावरून स्पष्ट होते. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने वेंकटरामन यांच्या गटाने २०१५ या वर्षाचा हिशोब मांडला. बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांमुळे देशात त्या वर्षी सुमारे १० लाख ९० हजार मृत्यू झाले आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ६८ हजारांस घरगुती जैव इंधनाचा धूर कारण होता, असे त्यात आढळले. कोळशाचा वाटा त्याहून कमी, सुमारे १ लाख ६९ हजारांचा होता. स्वयंपाकघरातून बाहेर पडलेला धूर साऱ्या प्रदेशाची हवा बिघडवितो, हे या अहवालाने धोरणकर्त्यांच्या गळी उतरविले. ही कामगिरी लहान नव्हे.

परंतु आकड्याची व्याख्या नीट वाचली पाहिजे. हे मृत्यू बाहेरच्या हवेचे आहेत. चूल फुंकणारी बाई घरात जो धूर थेट घेते, त्याचा हिशोब यात नाही. तो वेगळ्या सदरात मांडला जातो. म्हणजे या गणतीत केळशीच्या स्वयंपाकघरातील धूर तेव्हा मोजला जातो, जेव्हा तो कौलांतून निसटून दुसऱ्यांच्या हवेत मिसळतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच नमुना घेणारी यंत्रे अडकवून मोजणी केली होती. त्यांनी घेतलेल्या कणांचे प्रमाण घनमीटरला मिलिग्रॅमांत भरले होते. शहरी हवेचे आकडे मायक्रोग्रॅमांत सांगितले जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे फरकाची कल्पना येईल. अहवालाने हा भेद लपविलेला नाही. पण आकडा उद्‌धृत करणारे तो भेद गाळतात आणि मग चूल ही बळी घेणारी वस्तू म्हणून उभी राहते. चुलीपुढची व्यक्ती पहिली बळी आहे, हे विसरले जाते.

याच कारणाने दोषारोपाचा प्रश्न टाळता येत नाही. २००२ च्या वादात भारताला जी बोच लागली ती हीच होती : श्रीमंत देशांच्या कोळशा-तेलाने तापलेल्या पृथ्वीचा जाब गरिबांच्या चुलीला का विचारावा? वेंकटरामन यांचा निष्कर्ष वरवर पाहता या आरोपाला बळ देणारा वाटतो. त्यांनी स्वतः त्याचा जो अर्थ लावला तो निराळा आहे. काजळी आठवड्याभरात हवेतून निघून जाते, कर्बवायू मात्र शतकानुशतके टिकतो. म्हणून काजळी थांबविण्याचे मोल तापमानापेक्षाही घराघरातील श्वासात आधी मिळते, आणि चूल सुधारणे हे मुख्यतः त्या घरावरचे ऋण फेडणे आहे, असे त्यांच्या मांडणीतून दिसते. ही भूमिका सयुक्तिक आहे. मात्र ती टिकण्यासाठी चुलीचा आकडा आणि चुलीमागची गरज ही एकत्र सांगितली गेली पाहिजेत.

धोरणाचा अनुभव हेच दर्शवितो. २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या दिल्या. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे ४३ टक्केच कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. सिलिंडर घरात आला म्हणून चूल विझत नाही. चहा गॅसवर आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. जळण परसात फुकट पडलेले असताना पाणी तापविण्यास सिलिंडर खर्ची घालणे घरातल्या बाईच्या हिशोबात बसत नाही, आणि तिचा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. दुसरीकडे २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आखला गेला. ज्या संशोधनाने धुराचा मोठा उगम खेड्यात दाखविला, त्याच्याच काळात हवा सुधारण्याची योजना शहराच्या हद्दीत थांबावी, ही विसंगती संशोधकांची नव्हे. परंतु जे मोजले जाते त्याचीच योजना होते, या नियमाची ती साक्ष आहे.

८

वेंकटरामन यांच्या संशोधनाचे श्रेय तीन गोष्टींत सांगता येईल. त्यांनी वायुकलिलांचा प्रश्न आकाशातून चुलीपाशी आणला. नोंदी नसलेल्या इंधनाची गणती करण्याची रीत घडविली. आणि आपल्या गणतीतील उणिवा स्वतःच भरून काढण्यासाठी देशव्यापी मोजणी उभी केली. यांपैकी पहिली गोष्ट दृष्टीची आहे व ती कायम टिकेल, मग पुढे टक्केवारी कितीही बदलो.

उणीव आहे ती एककाची. ‘भारतीय चूल’ नावाची वस्तू कोठेही नाही. केळशीत दोन चुली आहेत, तीन ऋतू आहेत, अनेक प्रकारचे जळण आहे, उन्हाळ्यात राब आहे आणि साऱ्यांच्या वर समुद्राचे मीठ आहे. या वेगळेपणाने राष्ट्रीय बेरीज फारशी हलणार नाही, हे खरे. पण राष्ट्रीय बेरजेवरून केळशीच्या बाईला सांगावयाचा उपाय काढला, तर तो चुकण्याची शक्यता बरीच आहे. तिच्या दृष्टीने पाणी तापविण्याची साधी, धुराड्याची सोय ही कदाचित दुसऱ्या सिलिंडरपेक्षा अधिक उपयोगी ठरेल. ते मोजूनच ठरवावे लागेल.

त्यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. महाबळेश्वराचे केंद्र आहेच. त्याच अक्षांशावर, किनाऱ्यावर एक आणि घाटाखालच्या खोऱ्यात एक अशी दोन ठिकाणे वर्षभर चालविली. स्वयंपाकघरात, न्हाणीजवळ व अंगणात स्वतंत्र नमुने घेतले. राबाच्या दिवसांची नोंद शेतकऱ्यांकडूनच ठेवविली. आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठासारख्या संस्थेचे पीक व माती यांविषयीचे ज्ञान त्याला जोडले, तर समुद्रापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतच्या हवेचा एक पूर्ण छेद हाती येईल. पदव्युत्तर अभ्यासकांच्या आवाक्यातील हे काम आहे. ते होईपर्यंत चुलीचा ४२ टक्क्यांचा वाटा हा भारतापुरता ग्राह्य, पण कोकणपट्टीपुरता अपरीक्षित अंदाज मानणे योग्य होईल.